आमचा बर्फ: चंद्रपूरचा परकोट आणि पावसाळा

तर झालं असं, की ऑनसाईटच्या पहिल्याच हिवाळ्यात मिनियापोलिसमध्ये माझी गाडी टो होता होता वाचली. रात्री नऊच्या सुमाराला रूममेट धावत आला, "अरे, स्नो इमर्जन्सी लागलीये, आधी गाडी काढ!" मला वाटलं भूकंप-बिकंप आहे की काय. खाली जाऊन बघतो तर अख्खी गल्ली पायजम्यावर जॅकेट चढवून गाड्या हलवतेय.

तिथला नियम असा. बर्फ पुरेसा पडला की शहर इमर्जन्सी जाहीर करतं. पहिल्या रात्री नऊपासून सकाळी आठपर्यंत मुख्य रस्त्यांवर कुठल्याच बाजूला गाडी लावायची नाही, तिथून नांगर फिरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते रात्री आठ बाकीच्या रस्त्यांची सम नंबरांची बाजू मोकळी ठेवायची. तिसऱ्या दिवशी विषम नंबरांची. बस्स. तीन दिवसांत शहर साफ! प्रोग्रामर माणसाला यापेक्षा सुंदर गोष्ट काय असणार? मी दोन दिवस ऑफिसात याच शेड्यूलरचं कौतुक करत होतो.

रविवारी चंद्रपूरला मामांना फोन केला तेव्हा त्यांनाही सगळं ऐकवलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे आपल्या पुरासारखंच की रे बावा. फक्त तुमच्याकडे पानी गोठून येते."

तेव्हा मी हसलो. पण वाक्य डोक्यात राहिलं ते राहिलंच. ४५-४६ डिग्रीच्या गावात वाढलेल्या माणसाला बर्फाचं काय सोयरसुतक! चंद्रपूरला बर्फ म्हणजे गोळ्याचा, नाहीतर लग्नातल्या मठ्ठ्यातला. पण दर वर्षी ठराविक महिन्यांत येणारं, रस्ते गिळणारं, शाळा-ऑफिसं बंद पाडणारं आणि तरीही दर वर्षी "अचानक" आलं असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, असं काही आमच्याकडे आहे का? आहे. ते जुलै-ऑगस्टमध्ये येतं. आणि त्याचा बंदोबस्त करायची एक यंत्रणा गावात पाचेकशे वर्षांपासून उभी आहे. फक्त ती यंत्रणा आहे हे आपण विसरलो. आपण तिला ऐतिहासिक वास्तू म्हणतो.

मी परकोटाबद्दल बोलतोय.

चंद्रपूरच्या लोकांना माहीत असतं, बाकीच्यांसाठी सांगतो. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याने बल्लारपूरहून इकडे राजधानी आणली, साधारण पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याची ती सशाची गोष्ट प्रत्येक चंद्रपूरकर पोराला आजीने सांगितलेली असते: राजाच्या अंगावर गाठी होत्या, झरपटीच्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या, मग तिथेच एक कपाळावर चांद असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला, आणि राणीने सांगितलं की ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेने तट बांधा. गोष्ट छानच आहे. पण नकाशा घेऊन बसलं की लक्षात येतं की ससा मोठा हुशार सर्व्हेयर होता! तो पश्चिमेला इरई आणि पूर्वेला झरपट यांच्या मधल्या जमिनीला बरोबर वळसा घालून गेला.

तट एका राजाच्या हयातीत झाला नाही, पुढच्या पिढ्यांमध्ये काम चालत राहिलं. आज जो परकोट दिसतो तो सुमारे ११ किलोमीटरचा आहे. त्यात ३९ बुरूज, चार दरवाजे आणि पाच खिडक्या. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. खिडक्या म्हणजे छोटे दरवाजे: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण. (लहानपणी आम्ही मसण खिडकीतून जायचं टाळायचो. नाव ऐकूनच.) दरवाजांवर गोंडांचं ते प्रसिद्ध चिन्ह आहे, हत्तीवर चढलेला सिंह.

आता तट म्हटला की आपल्या डोक्यात लढाई येते. लढाईत या तटाने काय केलं? १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि गोंडांचं राज्य संपलं. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल ॲडम्सच्या इंग्रजी फौजेने वेढा दिला, तोफांनी भिंतीला खिंडार पाडलं आणि थोड्याच दिवसांत शहर घेतलं. किल्लेदार गंगासिंग लढता लढता गेला. म्हणजे तोफांसमोर परकोटाचा निकाल काही दिवसांत लागला. पाण्यासमोर मात्र तो अजून उभा आहे. इरईला मोठा पूर आला की पाणी बिनबा आणि पठाणपुरा दरवाजांच्या बाहेर चढतं, आणि भिंतीच्या आतली जुनी वस्ती पुष्कळशी कोरडी राहते. शत्रूसाठी बांधला की पाण्यासाठी, हा वाद इतिहासकारांनी घालावा. माझ्या मते दोन नद्यांच्या बेचक्यात राहणाऱ्या माणसाला हे दोन प्रश्न वेगळे वाटलेच नसतील.

इथे जरा नद्यांचं गणित सांगायला हवं, कारण चंद्रपूरचा पूर हा डोंगरातून धडधडत येणारा पूर नाही. झरपट गावाच्या दक्षिणेला इरईला मिळते. इरई थोडं पुढे हडस्तीजवळ वर्धेला मिळते. वर्धा ही मोठी बाई. ती भरून वाहत असली की इरईचं पाणी तिच्यात शिरूच शकत नाही. मग ते मागे मागे फुगत येतं. यालाच फुगवटा म्हणतात. म्हणजे चंद्रपुरात उन्ह पडलेलं असतं, यवतमाळ-वर्ध्याकडे पाऊस झालेला असतो, आणि इकडे घराच्या मागच्या नाल्यातलं पाणी उलटं चालायला लागतं! सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर खालचा सर्व्हर बिझी आहे म्हणून वरची सगळी क्यू तुंबली. त्यात वरच्या अंगाला इरई धरण, जे औष्णिक वीज केंद्रासाठी बांधलं आणि ज्यातून शहराला पाणी मिळतं. धरण भरलं की त्याचे सात दरवाजे उघडावे लागतात. वरून सोडलेलं पाणी आणि खालून आलेला फुगवटा यांच्या मध्ये शहर.

फुगवट्याचं पाणी हळू चढतं. त्यात ओढ कमी असते. अशा पाण्याला अडवायला प्रचंड बांध लागत नाही, पंधरा-वीस फुटांची दगडी भिंत पुरते. दरवाजा हीच काय ती कच्ची जागा.

पण भिंत बांधली की दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि मला खरं कौतुक इथे वाटतं. नदी बाहेर अडवली, पण आभाळ कसं अडवणार? आत पडलेला पाऊस भिंतीमुळे आतच कोंडणार. त्याचं काय करायचं? गोंडांनी आत तलाव ठेवले. रामाळा तर आहेच, रामशहाच्या नावाचा. कोहिनूर तलाव होता. घुटकाळा होता. गोंड राजे तलाव बांधणाऱ्याला जमीन देत अशी परंपरा सांगतात, त्यामुळे तलावांचं वेड त्यांच्या रक्तातच होतं. हे तलाव प्यायला, गुरांना, उन्हाळ्याला होतेच, पण पावसाळ्यात आतलं पाणी साठवून घेणारे खड्डेही तेच होते. भिंत नदीसाठी, तलाव पावसासाठी. दोन भाग मिळून एक मशीन.

या मशीनचं आपण काय केलं ते थोडक्यातच सांगतो, कारण सांगताना त्रास होतो. कोहिनूर तलावाचं मैदान झालं. तिथे सभा भरतात, मीही लहानपणी तिथे भाषणं ऐकलीत आणि भेळ खाल्लीये, तलाव कुठे आहे असा प्रश्न कधी पडला नाही. घुटकाळा हे आता वॉर्डाचं नाव आहे. रामाळा उरला. त्याच्यासाठी २०२१ मध्ये इको-प्रो संस्थेच्या बंडू धोतरे यांना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा कुठे गाळ काढण्याचं घोडं पुढे सरकलं. याच संस्थेच्या पोरांनी २०१७ च्या मार्चपासून रोज सकाळी परकोटावर चढून झाडंझुडपं, कचरा, माती काढायला सुरुवात केली आणि शेकडो दिवस ते काम चालवलं. तोवर कित्येक बुरूज झुडपांत दिसतच नव्हते. काही ठिकाणी भिंतीलाच टेकून घरं झालेली आहेत. आमच्या ओळखीच्या एका घराची मागची भिंत म्हणजे परकोटच!

आणि शहर भिंतीबाहेर गेलं. ते जाणारच होतं, कोळसा निघाला, रेल्वे आली, वीज केंद्र आलं, १९८३-८४ नंतर तर गावाचा नूरच पालटला. उत्तरेला जटपुऱ्याबाहेर तुकूम, नागपूर रोड, ती बाजू उंचावर. ज्यांना परवडलं ते तिकडे गेले. ज्यांना परवडलं नाही, किंवा ज्यांना "प्लॉट स्वस्त आहे, नदी लांब आहे" असं सांगण्यात आलं, ते इरईच्या बाजूला गेले. रहमतनगर, सिस्टर कॉलनी ही नावं चंद्रपूरकर दर पावसाळ्यात पेपरात वाचतो. सरकारी नकाशात नदीकाठी दोन रेषा असतात: निळी, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल, म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. प्लॉट विकणाऱ्याच्या नकाशात या रेषा नसतात. त्याच्या नकाशात बगीचा असतो.

मामांचं घर अशाच एका जागी आहे. बिनबा दरवाजाच्या बाहेर. त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत: २००६, २०१३, २०२२. घराला तीनदा रंग दिला पण त्या रेघा मामांनी पुसू दिल्या नाहीत, रंगाऱ्याला बाजूने ब्रश फिरवायला लावला.

२०२२ चं मला चांगलं आठवतं, कारण तेव्हा मी पुण्यात बसून फोनवर होतो. जुलैमध्ये वर्धा भरली, बल्लारपूर-राजुरा रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेला, धरणाचे दरवाजे उघडले. मी विचारलं, "मामा, किती आलं?" म्हणाले, "दुसऱ्या पायरीवर हाये. चढून राह्यलं." तासाभराने, "तिसरीवर." मी म्हटलं, निघा ना तिथून! तर म्हणाले, "अरे, पठाणपुऱ्यापाशी पानी लागलं का नाही ते पाहून ये म्हणून पोट्ट्याला पाठवलं हाये. तिथे लागलं की आपल्याकडे दोन तासात येते." हा त्यांचा गेज! ना सेन्सर, ना ॲप. पाचशे वर्षांपूर्वीच्या दरवाजाचा उंबरा. आणि हिशोब बरोबर निघाला. दोन तासांनी मामा-मामी दरवाज्याच्या आत, एका नातेवाइकांकडे. भिंतीच्या आत.

पुढच्या वर्षी मात्र आतल्यांची पाळी होती. १८ जुलै २०२३ ला शहरावर एका दिवसात दोनशे मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला. नदीचा काही संबंध नाही. गावातले मुख्य रस्तेच नाले झाले, दुकानांत पाणी, दुचाक्या वाहताना दिसल्या. जे नातेवाईक २०२२ ला मामांना आसरा देत होते त्यांच्या घरात या वेळी गुडघाभर. पाण्याला जायला जागा नव्हती, कारण ज्या खड्ड्यांत ते जायचं ते खड्डे आपण भरून टाकलेत. मशीनचे दोन्ही भाग दोन वर्षांत लागोपाठ फेल झालेले मी पाहिले. एकदा भिंतीबाहेर राहिल्यामुळे, एकदा तलाव बुजवल्यामुळे.

परत जरा बर्फाकडे येतो. मिनियापोलिसच्या त्या शेड्यूलरचं कौतुक करताना मला एक गोष्ट तेव्हा दिसली नव्हती: मुख्य रस्ते आधी, गल्ल्या नंतर, असा क्रम कोणीतरी ठरवलेला असतो. शिकागोत १३-१४ जानेवारी १९७९ ला सुमारे वीस इंच बर्फ पडला, तोही आधीच साचलेल्या बर्फावर. महापौर मायकल बिलँडिक सांगत राहिले की सगळं नीट चाललंय. लोक खिडकीतून बघत होते की नाही चाललंय. वर कहर म्हणजे गाड्या वेळेवर धावाव्यात म्हणून शहरातल्या लोकल ट्रेन काही स्टेशनांवर थांबेनात, आणि ती स्टेशनं नेमकी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतली. ट्रेन डोळ्यांसमोरून निघून जायची आणि प्लॅटफॉर्मवर थंडीत माणसं उभी! फेब्रुवारीत पक्षांतर्गत निवडणूक होती. बिलँडिक हरले आणि जेन बर्न शिकागोच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. बर्फाने महापौर पाडला असं म्हणतात. मला वाटतं बर्फाने नाही, न थांबलेल्या ट्रेनने पाडला.

आमच्याकडे ट्रेन न थांबण्याचं स्टेशन बघायचं असेल तर चंद्रपूर सोडून गडचिरोलीत जायला हवं. १९८२ पर्यंत तो चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. आलापल्लीहून जंगलातून पासष्टेक किलोमीटर गेलं की हेमलकसा येतं, जिथे १९७३ मध्ये डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांचा लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. त्याच्या थोडं पुढे पर्लकोटा नदी, आणि पलीकडे भामरागड. तिथे पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्या इंद्रावतीला मिळतात. आणि गोष्ट तीच! इंद्रावती भरली की पर्लकोटेचं पाणी मागे फुगतं आणि तिच्यावरचा ठेंगणा पूल बुडतो. इरई-वर्धेचंच कोड, वेगळ्या सर्व्हरवर. फक्त इथे परकोट नाही, आणि दुसरा रस्ताही नाही. पूल बुडाला की पलीकडची शेकडो माणसं नाही, शंभराहून अधिक गावं तुटतात. २०१९ च्या पावसाळ्यात तर हे पुन्हा पुन्हा झालं, सप्टेंबरमध्ये बाजारपेठेत पाणी शिरलं आणि लोकांना उंचावर हलवावं लागलं.

मग इथे पावसाळ्याचा बंदोबस्त कसा करतात? नांगर फिरवून रस्ता मोकळा करणं शक्यच नाही. तेव्हा रस्ता बंद होणार हे धरूनच चालतात. दुर्गम गावांच्या रेशन दुकानांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचं धान्य आधीच पोचवून ठेवायचं. मेळघाटातल्या बालमृत्यूंनंतर १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली, त्यात हे बसवलं गेलं. औषधं आधी. साप चावल्यावरचं इंजेक्शन आधी. आणि ज्या बायकांची तारीख पावसाळ्यात येते त्यांना दिवस भरायच्या आधीच आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायचं, त्यासाठी केंद्राच्या आवारात "माहेरघर" असतं. नाव मला फार आवडतं. कागदावर हे सगळं मिनियापोलिसच्या शेड्यूलरपेक्षाही सुंदर आहे. मे महिन्यात बसून ऑगस्टमधल्या बाळंतपणाचा रस्ता मोकळा करायचा!

पण त्यात एक गृहीत आहे, की सगळ्यांची तारीख मे महिन्यात माहीत असते. जी बाई घरची भात लावणी सोडून पंधरा दिवस आधी निघू शकत नाही, धाकट्या पोराला कोणाकडे ठेवणार म्हणून निघू शकत नाही, तिचं काय? तिच्यासाठी खाट असते. खाटेची कावड करून चार माणसं नाल्यापर्यंत नेतात, आणि पाण्याला ओढ फार नसेल तर डोंग्यातून पलीकडे. दर पावसाळ्यात असा एखादा फोटो पेपरात येतोच. आपण तो बघतो, हळहळतो आणि पान उलटतो. मीही उलटलंय.

हेमलकशाला मी कॉलेजात असताना एकदा डिसेंबरात गेलो होतो. नदीत पाणी घोट्याएवढं. त्या पुलावर उभा राहून वाटलं होतं, एवढीशी नदी! बरोबरच्या माणसाने वरच्या झाडाच्या फांदीत अडकलेलं गवत दाखवलं. माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. म्हणाला, "ते मागच्या पावसाळ्याचं हाय."

असो. मामांचं सांगायचं राहिलं. त्यांना आम्ही सगळ्यांनी मिळून तुकूमकडे फ्लॅट बघा म्हणून किती सांगितलं. ते येतात, बघतात, बाल्कनीत उभे राहतात आणि म्हणतात, इथून नदी दिसत नाही. घरात मात्र तयारी चोख असते. मृग लागायच्या आधी गव्हाच्या कोठ्या माळ्यावर, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या डब्यात, फ्रीज २०१३ पासून कायमचा टेबलावर. मामी स्टुलावर चढून दूध काढते. मागच्या खेपेला गेलो तेव्हा बघितलं, मामांनी २०२२ च्या रेघेच्या वर हातभर अंतरावर एक खिळा ठोकलाय. मी विचारलं, हा कशाला? म्हणाले, "घड्याळ टांगायला."